झेंडावंदनाला गैरहजर राहिल्याचा दंड आणि अनुच्छेद ५१क

एका गृहनिर्माण सोसायटीतल्या सभासदाने विचारलेला हा प्रश्न आहे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेने ठराव केला की १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला झेंडावंदनासाठी घरटी एक माणूस आलाच पाहिजे. न आल्यास ५०० रुपये दंड, तोही मेंटेनन्सच्या बिलात जोडून. ठरावात शब्द आहेत, ‘भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१क अन्वये’. त्यांचं विचारणं असं, की हा दंड कायदेशीर आहे का, मूलभूत कर्तव्य पाळलं नाही तर नेमकं काय होतं, आणि काहीच होत नसेल तर ही कर्तव्यं संविधानात घातली कशाला?

मी सोसायट्यांचे वाद चालवतो आणि अधूनमधून उच्च न्यायालयात रिट याचिकाही चालवतो, त्यामुळे मूलभूत कर्तव्यं सांगणारं हे कलम दोन्ही बाजूंनी वापरलेलं पाहिलं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. ५१क खाली कोणालाही एक रुपयाचाही दंड करता येत नाही. सोसायटीला तर नाहीच, पोलिसांना नाही आणि न्यायाधीशालाही नाही.

कारण त्या अनुच्छेदात फक्त कर्तव्यांची यादी आहे. संविधानाचं पालन करावं, राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर करावा, देशाच्या रक्षणासाठी बोलावणं आलं तर जावं, बंधुभाव वाढवावा, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडाव्यात, निसर्ग जपावा आणि प्राणिमात्रांबद्दल दया बाळगावी, विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन वाढवावा, सार्वजनिक मालमत्ता सांभाळावी, अशी ती यादी. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीच्या पानावर आपण सगळ्यांनी ती पाहिलेली आहे. कर्तव्य मोडलं तर शिक्षा काय, ती कोण देणार, तक्रार कुठे करायची, यातलं एक अक्षरही तिथे नाही. उलट अनुच्छेद २० सांगतो की कृत्य घडलं त्या वेळी अंमलात असलेला कायदा मोडल्याशिवाय कोणालाही गुन्हेगार ठरवता येणार नाही. म्हणजे शिक्षा व्हायला विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला कायदा लागतो आणि त्यात ते कृत्य नेमकेपणाने गुन्हा म्हणून लिहिलेलं लागतं.

आता झेंड्याबद्दल तसा कायदा आहे. राष्ट्रीय मानचिन्हांचा अपमान रोखण्याचा १९७१ चा कायदा. ध्वज जाळला, फाडला, तुडवला, विटंबना केली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राष्ट्रगीत चालू असताना कोणी मुद्दाम ते म्हणू दिलं नाही किंवा तिथे गोंधळ घातला तरी तेवढीच शिक्षा. पण झेंडावंदनाला घरी राहणं त्या कायद्यात कुठेच बसत नाही. आजारपणामुळे राहिलात, रात्रपाळी करून झोपलात किंवा सरळ कंटाळा आला म्हणून गेला नाहीत, कायद्याच्या लेखी तिन्ही सारखंच.

याच्याही पुढे गेलेलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं होतं. ते नीट वाचलं तर तुमच्या ठरावाचा निकाल त्यातच सापडतो. केरळात एका शाळेत यहोवा साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडं शिकत होती. राष्ट्रगीत सुरू झालं की ती शांतपणे उभी राहत, पण गात नसत. आपल्या धर्मश्रद्धेत ते बसत नाही असं त्यांचं म्हणणं. वर्षानुवर्षं कोणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. मग एका आमदाराच्या ते लक्षात आलं, विधानसभेत प्रश्न गेला आणि जुलै १९८५ मध्ये तिघांना शाळेतून काढून टाकलं. केरळ उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या निकालात मुलांना परत शाळेत घ्यायला लावलं.

न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तो निकाल लिहिला. सहिष्णुतेबद्दलची त्यातली वाक्यं भाषणांत पुष्कळ वापरली जातात. वकिलाच्या उपयोगाचा भाग मात्र वेगळा आहे. आदराने उभं राहणाऱ्याने गायलं नाही म्हणजे अपमान झाला असं होत नाही, आणि राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कायदाच अस्तित्वात नाही, असं न्यायालयाने म्हटलं. शिक्षण खात्याची परिपत्रकं होती, पण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे आणि परिपत्रकाच्या जोरावर अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बंधन घालता येत नाही. ५१क समोर असतानाच हा निकाल झाला आहे, त्या कर्तव्याचा उल्लेख करून. राज्य सरकारच्या खात्याचं परिपत्रक जिथे अपुरं पडलं, तिथे एका सोसायटीच्या सभेच्या ठरावाचा पाड किती, हे वेगळं सांगायला नको.

सिनेमागृहांचं उदाहरण अनेकांना आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० नोव्हेंबर २०१६ च्या अंतरिम आदेशाने प्रत्येक खेळाआधी राष्ट्रगीत वाजवणं आणि उभं राहणं सक्तीचं झालं, आणि त्या आदेशात ५१क चा आधार घेतलेला होता. मधल्या काळात थिएटरात न उठलेल्यांना बाजूच्या प्रेक्षकांनी दमदाटी केल्याच्या बातम्या आल्या. ९ जानेवारी २०१८ ला त्याच न्यायालयाने आदेश बदलला. वाजवायचं की नाही हे ऐच्छिक केलं. मला विचाराल तर २०१६ चा आदेश मुळातच कच्चा होता, कारण त्याच्यामागे कायदा नव्हता.

हे कलम आलं कुठून, ते सांगितल्याशिवाय तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुरं होणार नाही. १९५० च्या मूळ संविधानात नागरिकांच्या कर्तव्यांचा भागच नव्हता. याचा अर्थ घटनाकारांना कर्तव्याची फिकीर नव्हती असा नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी नागरिकांना बरंच काही सुनावलं आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर सनदशीर मार्ग सोडून रस्त्यावरचे मार्ग धरू नका, कितीही मोठा माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, राजकारणातली व्यक्तिपूजा अधोगतीकडे नेते, हे सगळं त्यात आहे. हीच मला नागरिकाची कर्तव्यं वाटतात. पण त्यांनी ती भाषणात सांगितली, कलमात घातली नाहीत.

कलम आलं १९७६ साली, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, आणि अंमलात आलं ३ जानेवारी १९७७ पासून. तेव्हा आणीबाणी चालू होती. विरोधी पक्षांचे नेते मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, आणि नागरिकांचे हक्क गोठवलेले असताना सरकार त्यांना कर्तव्यं शिकवत होतं. सरदार स्वर्णसिंग समितीने आठ कर्तव्यं सुचवली होती. सोबत आणखी अशी शिफारस केली होती की कर्तव्य मोडणाऱ्याला शिक्षा ठरवण्याचा अधिकार संसदेला असावा, आणि तशा कायद्याला मूलभूत हक्कांच्या आधारे न्यायालयात आव्हान देता येऊ नये. कर भरणं हेही कर्तव्य म्हणून घालावं, असंही समिती म्हणाली होती. शेवटी दहा कर्तव्यं आली. शिक्षेची शिफारस आणि कराचं कर्तव्य, दोन्ही गळाली. म्हणजे ५१क ला दात नाहीत ही विसरून राहिलेली त्रुटी नव्हे. दात बसवायचे की नाही हा प्रश्न समोर आला होता आणि ते बसवले गेले नाहीत. आणीबाणीतल्या सरकारनेसुद्धा जे केलं नाही, ते तुमच्या कमिटीने केलं आहे.

जनता सरकारने पुढे त्रेचाळिसाव्या आणि चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने बेचाळिसावीतलं बरंच काही काढून टाकलं, पण ५१क ला हात लावला नाही. २००२ मध्ये त्यात अकरावं कर्तव्य जोडलं गेलं: सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देण्याचं, आईवडिलांवरचं.

जाता जाता एक गैरसमज. मतदान करणं हे मूलभूत कर्तव्य आहे असं निवडणुकीच्या काळात हमखास ऐकू येतं. ५१क मध्ये मतदानाचा उल्लेख नाही. करही नाही. कर चुकवला तर आयकर कायदा तुम्हाला गाठेल, पण त्याला ५१क ची मदत लागत नाही.

खरं तर ज्यांच्यामागे शिक्षा आहे अशी नागरिकांची कर्तव्यं साध्या कायद्यांत विखुरलेली आहेत आणि त्यांचा पाठ कोणी घेत नाही. जनगणनेचा कर्मचारी दारात आला की माहितीप्रमाणे खरं उत्तर देणं १९४८ च्या जनगणना कायद्याने बंधनकारक आहे. नकार दिला तर हजार रुपयांपर्यंत दंड. (याच कायद्यात एक गंमत आहे. रूढीने नवऱ्याचं नाव घेणं वर्ज्य असेल त्या स्त्रीला ते सांगण्याची सक्ती करता येत नाही. उखाण्यांच्या प्रदेशात ही तरतूद समजावून सांगावी लागत नाही.) काही गंभीर गुन्हे घडताना किंवा घडणार असल्याचं कळलं तर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना कळवणं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ प्रमाणे, तुमच्यावर बंधनकारक आहे. घरात जन्म किंवा मृत्यू झाला तर २१ दिवसांत नोंद करायची असते. ही कर्तव्यं चुकली तर परिणाम होतो, कारण त्यांच्यामागे कायदेमंडळाने शब्द न् शब्द तोलून केलेला कायदा आहे.

५१क मधल्या काही कर्तव्यांचंही असंच झालं आहे. महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण म्हणजे जादूटोणाविरोधी कायदा. विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन वाढवणं हे कर्तव्य १९७७ पासून कागदावर होतं. त्याच्या आधारावर भोंदूबाबाला कोणी पकडू शकत नव्हतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. आता त्या कायद्याची रचना बघा. तुमचा दृष्टिकोन वैज्ञानिक नाही म्हणून तो कोणाला शिक्षा करत नाही. नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साप चावल्यावर डॉक्टरकडे जाऊ न देणं, अशी ठरावीक कृत्यं अनुसूचीत लिहिली आहेत आणि त्यांना सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. मनात काय आहे ते कायदा विचारत नाही. तुमच्या कमिटीला राष्ट्रप्रेम मोजायचं आहे, अडचण तिथेच आहे.

कायद्यामागे असण्याखेरीज ५१क आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो: एखाद्या कायद्याचा अर्थ लावताना किंवा सरकारच्या निर्णयाची छाननी करताना न्यायालय त्याला तराजूत घालतं. हे कसं चालतं आणि कुठे थांबतं, ते बैलगाडा शर्यतींच्या प्रकरणात सगळ्यात स्वच्छ दिसतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या शर्यती, दोन्हींवर बंदी घातली. हातात कायदा होता १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा, ज्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. असा जुना, किरकोळ वाटणारा कायदा न्यायालयाने ५१क मधल्या भूतदयेच्या कर्तव्याच्या उजेडात वाचला आणि त्या कलमाला प्राण्यांच्या हक्कांची सनद म्हटलं. त्यामुळे पन्नास रुपयांच्या कायद्याला एवढं बळ आलं की पुणे, सातारा, सांगलीकडच्या जत्रांमधले घाट, म्हणजे शर्यतींच्या धावपट्ट्या, ओस पडले. गाडामालकांनी आंदोलनं केली, राजकीय पक्षांनी आश्वासनं दिली. २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तो केंद्रीय कायदा आपल्यापुरता दुरुस्त केला. मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणं रोखलं, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यती सुरू करू दिल्या, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

भूतदयेचं कर्तव्य २०१४ मध्ये होतं तेच २०२३ मध्येही होतं, एक शब्द बदललेला नव्हता. बदलला होता कायदा. शर्यत कशी घ्यायची, बैलाला काय करायचं नाही, हे नियम विधिमंडळाने घातले आणि न्यायालयाने ते पुरेसे मानले. तुम्हाला तो निकाल पटो न पटो (माझ्या मनात त्याबद्दल शंका आहेत), ५१क ची ताकद कितपत ते त्यातून कळतं. कायद्याचा अर्थ लावायला ते मदत करतं. कायद्याच्या जागी उभं राहत नाही.

आणि ही ताकद बहुतेक वेळा सरकारच्या विरोधात वापरली गेली आहे, हे सोसायट्यांच्या कमिट्यांना ठाऊक नसतं. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने कांदळवनांबद्दल निकाल दिला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपची ती जनहित याचिका होती. कांदळवन तोडणं हे जगण्याच्या हक्काचा, म्हणजे अनुच्छेद २१ चा भंग आहे, आणि ४७, ४८क व ५१क यांच्याही विरुद्ध आहे, असं म्हणून न्यायालयाने राज्यभर कांदळवनतोडीवर निर्बंध घातले आणि भोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. तिथे नागरिकांनी ५१क हातात घेऊन शासनाला जाब विचारला होता. नागरिकांवर कर्तव्य असताना शासन मोकळं कसं राहील? २००१ मध्ये एम्सच्या विद्यार्थी संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंच आहे की प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य हे एकत्रितपणे राज्याचंही कर्तव्य ठरतं.

अकराव्या कर्तव्याबाबत मला हे फार जाणवतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातलं पोर दिवाळीनंतर शाळेतून गायब होतं, ते हंगाम संपेपर्यंत. कागदावर कर्तव्य चुकलं ते आईबापाचं. पण शिक्षण हक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य असल्याचं सांगूनही त्यांना शिक्षा ठेवलेली नाही. प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होईल हे पाहण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. हे योग्यच झालं. त्या बापाला दंड करून पोर शाळेत परत आलं नसतं.

तुमच्या ठरावाला आणखी एक बाजू आहे. ५१क मधलं पहिलंच वाक्य संविधानाचं पालन करण्याचं आहे, ध्वजाचा उल्लेख त्याच्याच पुढे येतो. संविधानाचं पालन म्हणजे त्यातल्या हक्कांचंही पालन, स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या. एखाद्या आजारी माणसाच्या घरावर दंड बसवताना कमिटीने हे पहिलं वाक्य ओलांडलं आहे.

आता व्यवहाराचं. सोसायटीला सभासदाकडून दंड घेण्याचा अधिकार असतो, पण तो उपविधींतून, म्हणजे सोसायटीच्या नोंदणीकृत नियमांतून येतो. उपविधी मोडल्याबद्दल दंड, तोही सभासदाला नोटीस देऊन आणि त्याचं म्हणणं ऐकून, असा तो मार्ग आहे. झेंडावंदनाला हजर राहण्याची सक्ती तुमच्या नोंदणीकृत उपविधींत नसणार, त्यामुळे मोडायला उपविधीच नाही. सर्वसाधारण सभेत बहुमत असलं म्हणून उपविधींच्या बाहेर जाता येत नाही, आणि उपविधी बदलायचे तर निबंधकांकडे नोंदणी लागते.

म्हणून सेक्रेटरींना एक साधं पत्र द्या, पोच घेऊन. त्यात विचारा की हा दंड कोणत्या क्रमांकाच्या उपविधीखाली लावला, आणि ठरावाची प्रत मागा. बिल आलं की मेंटेनन्सची रक्कम वेळेवर भरा. दंड वगळून, आणि तो का वगळला हे एका ओळीत लिहून. मेंटेनन्स अडवून धरू नका. त्यामुळे तुम्ही खरोखरचे थकबाकीदार होता आणि तुमची बाजू विनाकारण लंगडी पडते. कमिटी ऐकत नसेल तर उपनिबंधकांकडे तक्रार करा. पुढे सहकार न्यायालयाचा रस्ता आहे, पण पाचशे रुपयांसाठी तिथे जाण्याचा खर्च आणि तारखा पाहता मी तो शेवटी ठेवीन. बहुतेक वेळा उपविधीचा क्रमांक विचारणाऱ्या पत्रावरच प्रकरण मिटतं, कारण द्यायला क्रमांक नसतो.

पत्राची भाषा सौम्य ठेवा. पुढच्या झेंडावंदनाला तुम्ही जाणारच असाल तर तेही त्यात लिहा. दंड रद्द होण्याशी त्याचा संबंध नाही, पण रोज जिन्यात भेटणारी माणसं आहेत ती.